नव्याण्णवांची राखण

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही, आणि तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्यांच्याइतका कामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाला कशी लागू पडतात हे कळायला मला आधी त्यांचा विद्यार्थी, मग जावई आणि शेवटी ख्रिस्ती मंडळीचा पाळक व्हावं लागलं. आणि पुरतं कळलंय असं अजूनही छातीठोकपणे सांगवत नाही. जेवायला बसलं की ते प्रार्थनेला सुरुवात करत आणि तीन वाक्यं झाली की गप्प होत. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पानातला भात निवतोय. अखेर पंगतीतला कोणीतरी, बहुधा ज्याला भूक जास्त लागलेली असे तो, ती प्रार्थना आमेनपर्यंत ओढून नेई. माझी बायको सांगते की त्यांच्या घरातली सगळी भावंडं प्रार्थना करायला शिकली ती अशी, पोटासाठी. गीताच्या दोन ओळी म्हणून सोडून देणं हे तर नेहमीचंच. पत्र लिहायला घेत आणि मध्येच समोरच्याच्या हातात टाक देऊन म्हणत, "पुढचं तू लिही, मला काय म्हणायचंय ते तुला ठाऊकच आहे." समोरच्याला ते मुळीच ठाऊक नसे. पण पत्र जाई, आणि त्याचं उत्तरही येई.

मिशनने त्यांना उपदेशक तयार करायच्या कामावर नेमलं होतं. ठाण्यात तळ्याजवळच्या त्यांच्या घराच्या ओसरीवर आम्ही सातजण चटईवर बसत असू. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी एक जाडजूड वही पाठवली होती. उपदेशकाने उभं कसं राहावं, हात कुठवर उचलावा, आवाज केव्हा चढवावा, सगळं तीत लिहिलेलं. ती वही पाण्याच्या रांजणाखाली टेकण म्हणून फार उपयोगी पडली. शिकवणं म्हणून जे काही असतं ते मास्तरांनी कधी केलंच नाही. तेव्हा मी त्यांना मास्तर म्हणत असे, मामा म्हणायला अजून अवकाश होता. आपण काही विचारलं की ते उलट विचारत. एकदा मी विचारलं, मरणाऱ्या माणसापाशी बसून काय बोलावं? तर म्हणाले, तुझे वडील गेले तेव्हा तुझ्याशी कोण काय बोललं ते आठवतंय का? मी म्हटलं, बोललेलं काही आठवत नाही, शेजारचे काका नुसते जवळ बसून होते. "मग?" म्हणाले. त्यांचं हे "मग?" म्हणजे एक विलक्षण हत्यार होतं. त्याला उत्तर द्यावं तर तेच परत येई, न द्यावं तर रात्रभर कानाशी गुणगुणे.

त्या सातजणांत सगळ्यात कच्चा मी. अक्षर सुरेख, पाठांतर चोख, पण चार डोळे माझ्याकडे लागले की जीभ टाळूला चिकटलीच. साहेबांनी मला शाळेत मुलांना कित्ते घालून देण्यापुरता जमेस धरला होता. मास्तरांनी मात्र माझ्यात काय पाहिलं देव जाणे. कल्याणला आमची तेवीस माणसांची मंडळी होती, तिला स्वतःचा पाळक नव्हता. साहेबांचं मत असं की इथली माणसं वाचतील, गातील, उपदेशही करतील, पण मंडळी एकट्याने चालवणं त्यांना झेपायचं नाही. त्यामुळे दर वर्षी तो प्रश्न पुढच्या वर्षावर जाई. कल्याणच्या मंडळीला आपल्यातलाच पाळक मिळालेला बघायचा, एवढी एकच गोष्ट मास्तरांना पुरी करायची होती, आणि तिच्यासाठी त्यांनी हेरलं होतं मला. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. मीही तेच म्हणालो.

मग मला ते गावोगाव सोबत नेऊ लागले. माजिवड्याला मिठागरावर काम करणारी माणसं संध्याकाळी झाडाखाली टेकलेली असत. तिथे मास्तरांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सुरू केली. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, धनी नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघाला, इथवर रंगात आणली आणि एकाएकी माझ्याकडे बोट दाखवून खाली बसले. मी उठलो. कसंबसं ते मेंढरू सापडवलं, खांद्यावर घेतलं, घरी आणलं. पुढे बसलेला एक म्हातारा मघापासून डोकं हलवत होता. तो म्हणाला, "मेंढरू गावला ता बरा झाला. पन बाकीच्यांना तवर कोन राखीत व्हता?"

मास्तर असे खूश झाले की त्यांनी उठून त्या म्हाताऱ्याचे मिठाने फाटलेले दोन्ही हात हातात घेतले. बाळकुमला पोचेपर्यंत ते वाटेत मला तेच विचारत राहिले, की धनी निघून गेला तेव्हा नव्याण्णव कोणाच्या भरवशावर होती? मी म्हटलं, शास्त्रात तर दिलेलं नाही. म्हणाले, "मग?"

कल्याणच्या मंडळीत एकदा पाण्यावरून वाद पेटला. वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं, प्रभूपाशी एक झाली होती खरी, पण उपासनेच्या खोलीबाहेर माठ दोन ठेवले जाऊ लागले होते. मास्तरांना बोलावणं आलं. आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी ते कल्याणला खाडीतून मचव्यानेच जात. कारण मला पुढे कळलं. गाडीला वेळापत्रक असतं, भरतीचं मात्र कोणालाही काहीही सांगता येतं. दोन्हीकडचं म्हणणं निम्मं ऐकून होतं न होतं तोच ते उठले, "भरती निघून जाईल" म्हणाले आणि मला त्या माणसांच्या तावडीत सोडून चालते झाले. दोन तास मी अडखळत बोललो. शेवटी घसा इतका सुकला की उठून बाहेर गेलो, एका माठातलं पाणी प्यालो, तहान भागेना म्हणून दुसऱ्यातलंही प्यालो. आत येऊन बघतो तर सगळे दारातून माझ्याकडेच बघत होते. एका म्हातारीला आधी हसू आलं, मग इतरांना. पुढच्या रविवारी माठ एकच होता. त्या दिवशी घाटावर माझी वाट पाहत बसलेल्या मास्तरांनी विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, पाणी प्यालो. शाबासकी राहिली बाजूला, एवढंच म्हणाले, "आधी कुठल्या माठातलं?" आठ दिवस मला तेवढंच खात होतं.

त्यानंतर चार-सहा महिन्यांत माझं लग्न झालं आणि मास्तरांचे मामा झाले. मग एका रविवारी साहेब आणखी दोघांना घेऊन कल्याणला आले, पाळकाचा निकाल लावायला. ठरलं होतं असं की उपासना मामांनी चालवायची, उपदेश मी करायचा. मामा प्रार्थनेला उभे राहिले. चांगली चाललेली प्रार्थना आजारी माणसांपाशी आली आणि थांबली. मला असा राग आला म्हणता! निदान आज तरी, साहेबांदेखत तरी, हा खेळ करू नये. पण मंडळीला त्यात नवल कसलं? माठावरून हसलेली ती म्हातारी उभी राहिली आणि तिने आजाऱ्यांची नावं घेतली. मग एका तेल्याने पिकासाठी मागितलं. एक सोळा वर्षांची पोरगी, जी माझ्याशीसुद्धा बोलायला लाजे, तिने तिघा साहेबांसाठी प्रार्थना केली, त्यांचा प्रवास सुखाचा होवो म्हणून. मग सगळं माझ्यापाशी आलं आणि मी ते आमेनला नेलं, उपदेशात शिरलो, आणि माझी जीभ टाळूला चिकटायची राहून गेली हे मला संपल्यावर कळलं. मामा तेवढा वेळ टेबलाची कड घट्ट धरून उभे होते. साहेब जाताना म्हणाले की पाळकाचा प्रश्न मिटला, आणि मंडळीही पाहिली ते बरं झालं.

परतताना मचव्यात मामा मान कलती करून झोपले होते. मी फुशारकीत सोबत आलेल्या सासूबाईंना म्हटलं, मामांनी आजसुद्धा सोडलं नाही हं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. म्हणाल्या, "आज ते मुद्दाम थांबले नव्हते. पुढचं त्यांना आठवलंच नाही." वर्ष झालं होतं म्हणे. तळ्यावर जात आणि घराची वाट विसरत. त्यांनी सासूबाईंना शपथ घातली होती, कल्याणचं मिटेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर साहेब वर्गही बंद करतील आणि कल्याणचंही परत पुढच्या वर्षावर टाकतील. मी मामांकडे पाहिलं. फार वाईट वाटलं, आणि मघाच्या रागाची लाजही वाटली. त्या दिवसापासून मला एक चाळाच लागला आहे. त्यांच्या कामाच्या शेवटच्या वर्षातला एकेक प्रसंग काढून तपासतो, की इथे ते थांबले होते की विसरले होते? भरतीचं निमित्त करून गेले ते नक्की मुद्दाम, कारण घाटावर बसून ते माझी वाट पाहत होते. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

पुढे चार वर्षं ते होते. सोमवारी मी ठाण्याला जाई आणि ओसरीवर त्यांच्याजवळ बसे. शेवटी शेवटी ते मला ओळखत नसत, पण विचारपूस अगदी आदराने करत. एका सोमवारी विचारलं, आपण कुठले? मी म्हटलं, कल्याणच्या मंडळीचा पाळक. फार समाधान झालेलं दिसलं. म्हणाले, तुम्हाला कोणी तयार केलं? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी. ते विचारात पडले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून झालं, आणि म्हणाले, "माणूस बरा असावा. पण तुम्हाला अर्ध्यावरच सोडलंय त्यांनी."

"हो, सवयच होती त्यांची," मी म्हटलं.

"मग?"

"बाकीचं करतोय, मामा."

मी मामा कोणाला म्हटलं ते बघायला त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं.