खंडेनवमीला चढवलेलं धनुष्य

फाडकन आवाज आला आन् डॉक्टरसाहेबांच्या हातातलं धनुष्य उलटं फिरलं. दोरी सुटून हवेत गेली. मी आधी परीकडं बघितलं. परी म्हणजे माझी पोरगी, तीन वर्षांची. मागं सतरंजीवर केळ खात बसली होती. तिला काय झालं न्हवतं. मंग डॉक्टरकडं बघितलं. हातावर लाल वळ उठला होता, डोळा वाचला होता. तोवर सर पळत आले.

"दोरी नीट बसवली न्हवतीस का गं?"

"बसवली होती सर."

"मंग सुटली कशी?"

मी खाली पडलेली दोरी उचलली. नोकरी गेली असंच वाटलं.

नांदेडच्या बाहेर सरांचं धनुर्विद्येचं ग्राउंड हाय. एक टिनाचं शेड, पुढं गवताची टार्गेटं. मी नववीपर्यंत शिकले, मंग लगीन, मंग परी. इथं मी धनुष्यं सांभाळते. दोरी चढवायची, काम झालं की उतरवायची, दोरीला मेण लावायचं. कोणी घ्यायला आलं की एकेक हातात द्यायचं आन् कोणतं बसतंय ते बघायचं.

आमच्याकडं जुन्या पद्धतीची दोन जातीची धनुष्यं हायेत. लाँगबो म्हणजे उंच, काठीसारखं. रिकर्व्ह म्हणजे ज्याची टोकं पुढं वळलेली. दिसायला लई देखणं. जो येतो तो आधी रिकर्व्हलाच हात घालतो.

डॉक्टर लातूरचे. जनावरांचे डॉक्टर होते, आता रिटायर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. मी लाँगबो दाखवायले, पण त्यांचं ध्यान भिंतीकडं. तिथं तांबूस लाकडाचं रिकर्व्ह टेकवलेलं होतं, दोरी चढवलेलीच. सरांनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं.

"हेच!" डॉक्टर मनले. "हातात घेतलं की आपलं वाटलं बघा. नातीलाबी ह्याच्यावरच शिकवतो."

आन् ओढलं. पुढचं सांगितलंच.

सरांनी डॉक्टरला बाहेर सावलीत चहाला बसवलं. मी दोरी परत चढवली आन् धनुष्य डोळ्यापुढं धरून मागून बघितलं. दोरी धनुष्याच्या बरोब्बर मधून जायला पायजे. ती खालच्या टोकाला एका अंगाला सरकली होती. टोक पिळलं होतं, तिथूनच दोरी सुटली.

कामून पिळलं ते मला लगेच कळलं. सर आत आले, त्यांनाबी कळलं. सरांची आई, आमी आक्का मनतो, खंडेनवमीला समदी धनुष्यं पूजेला लावत्यात. चढवलेलीच पायजेत. उतरवलेलं धनुष्य आक्काला हत्यार वाटत न्हाई. भिंतीला टेकवून उभी करायची, हळद-कुंकू, झेंडूचा हार. आन् पुजलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय हलवायचं न्हाई. वर टिन, ऊन तर विचारूच नका. खालच्या टोकावर समदा भार. लाँगबोनी सोसलं. रिकर्व्हला सोसलं न्हाई.

सरांनी गरम पाण्यात फडकं पिळून त्या टोकाला गुंडाळलं. मी धरलं, त्यांनी हळूहळू उलट्या अंगाला पीळ दिला. गार होईस्तोवर तसंच धरून ठेवलं. परत चढवून बघितलं तर दोरी मधोमध.

"झालं सरळ. दे बांधून," सर मनले.

"सर, परत फिरलं तर?"

"कशाला फिरतंय? आन् त्यांच्यापुढं बोलत बसू नको. त्यांना तेच पायजे."

मी धनुष्य घेऊन बाहेर निघाले. परी पदराला धरून मागं मागं. डॉक्टर मोबाइलवर नातीचा फोटो दाखवायले. दोन वेण्या, दात पडलेला. मला परीची सतरंजी आठवली. दोरी सुटली तवा ती तिथून किती जवळ होती ते आठवलं.

"साहेब," मी मनले, "जरा ऊन उतरेपर्यंत थांबता का? हे चढवूनच ठेवते. मंग तुमी स्वतः बघा."

"काय बघू?"

"मागून बघायचं. दोरी मधून जाती का ते."

ते हसले. "म्हणजे बैल घेताना मागून चाल बघत्यात, तसं?"

"हाव. तसंच."

सर दारात उभे. त्यांच्या डोळ्याकडं मी बघितलंच न्हाई.

ऊन उतरल्यावर डॉक्टरनी स्वतः धनुष्य उचललं, एक डोळा मिटून मागून बघितलं. दोरी परत एका अंगाला सरकली होती.

"फेंगडा हाय की ओ हा बैल," ते सरांना मनले.

सर कायतरी हवामानाचं बोलले. डॉक्टरनी मंग लाँगबो ओढून बघितला. तोंड वाकडं केलं. परत ओढला. तिसऱ्यांदा बाण टार्गेटात बसला तवा मनले, "दिसायला काठी हाय, पण इमानदार हाय." तोच घेऊन गेले.

मला सरांनी काढलं न्हाई. आठवडाभर बोललेबी न्हाईत. मंग एक दिवस आपणच भिंतीत खुंट्या ठोकल्या आन् रिकर्व्ह दोरी काढून आडवी टांगायला सांगितली. पिळलेलं अजून तिथंच हाय. डॉक्टर फोन करत्यात. नात लाँगबोला "माझी काठी" मनती मने.

आवडीचं धनुष्य घ्यायला गेलात तर पुढून बघून भाळू नका. मागून बघा. ह्याच्यापुढचं मला कळत न्हाई.

कारण आता परत खंडेनवमी आली. मी धनुष्यं दोरी न चढवताच सतरंजीवर आडवी मांडली, दोऱ्या बाजूला. आक्का ताट घेऊन आल्या.

"ह्या काय काठ्या मांडल्यास गं? चढव समदी."

"आक्का, उन्हानं पिळत्यात..."

"माझ्या सासऱ्यापासून पूजा हाय. तवा न्हाई पिळली ती? चढव."

मी सरांकडं बघितलं. सर मोबाइल बघायले. आक्का ताट घेऊन उभ्या, दिवा वाऱ्यानं हलायला. परीनं एक दोरी उचलून माझ्या हातात आणून दिली.

माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?