तो मळ नव्हता

नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नातीची वेणी बाजूला केली, मानेवरच्या काळ्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा मळ नाही हं. घासत बसू नकोस." मी बाजूच्या खुर्चीत बसलेलो.

नात बावीस वर्षांची. तिची पाळी चार-चार महिने येत नाही म्हणून सोनोग्राफी काढलेली, त्यात पीसीओडी निघालं. सुनेचे गुडघे धरलेले, मुलगा कामावर, म्हणून सोबत मी. असल्या गोष्टीत म्हातारा कशाला, मी बाहेरच बसणार होतो. नातीनेच हाताला धरून आत नेलं.

बाई सांगत गेल्या. पाळी चुकते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, मान काळी पडते. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नाही. सांभाळलं नाही तर पुढे शुगर होऊ शकते. त्या एकेक बोलत होत्या आणि मला एकेक करून माझी बायको दिसत होती. शुगरनेच गेली ती, गेल्या साली.

"घरात कोणाला होतं का?"

"नाही," नात म्हणाली. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

कोपर गावात आमची भातशेती होती तेव्हा बायका चार दिवस बाजूला बसायच्या. कोण बसली, कोण नाही, घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक. माझी बायको दोन-तीन महिने बसली नाही की आई खूश. माशाचं डोकं तिच्या ताटात. मग एक दिवस ती बाजूला बसायची आणि आई भांडी आपटायची. नऊ वर्षं हे चाललं, तेव्हा कुठे मुलगा झाला. तोवर आईने तिला सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास लावलेले. साबुदाणा, बटाटा, वर गोड चहा. अंग सुटत चाललं तसा मी सगळ्यांसमोर बोललो, "उपास कसले करते, चोरून खाते ही." सगळे हसले. ती पण हसली.

मानेचं तर विचारू नका. भावाच्या हळदीला निघताना मी म्हटलं, "ती मान घास जरा, चारचौघांत न्यायची लाज वाटते." तिने काथ्याने घासली. रक्त आलं. हळदीत पदर गळ्याभोवती घेऊन बसली. मला वाटलं, बरं झालं, झाकलं.

मी चौथी शिकलेला, रोग कळला नाही हे ठीक. पण रक्त तर दिसत होतं ना मला.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. वेळेवर जेवण, भाजी, डाळ, मासे, अंडी. मैदा-साखर कमी. रोज चालायचं. उपासाचा साबुदाणा-बटाटा बंद.

घरी आलो तर सुनेने साबुदाण्याची खिचडी वाढून ठेवलेली. पाळी सुरळीत व्हावी, स्थळ जमावं, म्हणून तिने मुलीला सोळा सोमवार धरायला लावलेले. हा अकरावा.

"आई, डॉक्टर नको म्हणाल्यात."

"त्यांना काय जातंय बोलायला? पाचच राहिलेत. मधेच मोडलंस तर देवाला काय सांगू मी?"

नातीने चमचा उचलला. आईपुढे तिचं चालत नाही. मी ताट ओढून घेतलं.

"बाबा! हे काय?"

"तुझ्या सासूला हेच होतं," मी म्हटलं. "पाळी, केस, मान, सगळं. आम्ही तिला असंच उपासाला जुंपलं. वर मी तिला चोरटी म्हणालो. देवाचं मी बघतो. हिला जेवायला वाढ."

सून खिचडी उचलून आत गेली.

"आजोबा, मग तिकडे का नाही बोललात? मी नाही म्हणून सांगून आले!"

"तोंड उघडलं नाही, बाय. लाव फोन."

फोन दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने उचलला. नातीने तो माझ्याच हातात दिला. परक्या बाईमाणसासमोर तो शब्द मी जन्मात उच्चारला नव्हता.

"माझ्या बायकोला पाळी वेळेवर यायची नाही," मी म्हटलं. "शुगरने गेली. डॉक्टरीणबाईंना सांगा. लिहून घ्या."

"पेशंटचं नाव?"

मी बायकोचं नाव सांगितलं.

"या नावाचं कोणी दिसत नाही, काका. इथे कधी दाखवलेलं का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही दाखवलं."