बाटलीचं चाक

आमच्याकडे सलाइनची बाटली लावणं म्हणजे निम्मं घरचंच काम. तारापूरच्या अलीकडच्या आमच्या गावात डॉक्टर सुई टोचून पुढच्या पेशंटकडे जातो आणि नळीवरचं छोटं चाक नातेवाइकांच्या ताब्यात राहतं. बाटली हळू उतरतेय, एसटीची वेळ झाली, फिरव चाक! सासूबाईंचा त्यात हातखंडा. शेजारपाजारच्या कितीतरी बायकांना त्यांनी असं वेळेवर गाडीत बसवलंय.

माझं रक्त कमी झालं आणि लोहाच्या गोळ्या काही पोटात ठरेनात. तेव्हा पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरेतून देऊ. दाखल व्हायचं नाही, खुर्चीत बसायचं आणि काम झालं की घरी. मी म्हटलं, एवढंच? नर्सने वजन घेतलं, बीपी बघितलं, नाश्ता केलाय ना विचारलं आणि बजावलं की खाज सुटली, छाती भरली तर लाजायचं नाही, हाक मारायची. बाटलीत कोऱ्या चहासारखं औषध. थेंब थेंब उतरू लागलं. मी आपली खुशाल टेकून बसले.

नर्स पडद्यापलीकडे गेली. सोबतीला आलेल्या सासूबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, त्यांना दुपारची एसटी आठवली आणि मला कळायच्या आत त्यांनी चाक वर सारलं.

बाई गं! आधी कान तापले, मग तोंड. छातीवर कुणी पाटा आणून ठेवावा तशी छाती दडपली. हाक मारायची हे आठवत होतं, पण आवाज कुठला फुटायला? हात खुर्चीवर आपटला. नर्स धावत आली, तिने बाटली बंद केली, पाठोपाठ डॉक्टरीणबाई आल्या. आता आपण मरतोय, एवढंच माझ्या डोक्यात. आणि पोरांच्या उद्याच्या डब्याचं कसं होणार, हेसुद्धा. खरं सांगते.

हळूहळू श्वास मोकळा झाला. चाकाला हात कोणी लावला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासूबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. बाई ओरडल्या नाहीत. प्रत्येक औषधाचा वेग ठरलेला असतो, म्हणाल्या, आणि हृदय कमजोर असेल तर साधं सलाइनसुद्धा जोरात सोडलेलं माणसाला झेपत नाही. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

उरलेलं औषध पुष्कळ वेळाने, अगदी सावकाश चालू झालं. एसटी गेली ती गेलीच. मी आतल्या आत धुमसत होते, घरी गेल्यावर काय काय सुनवायचं ते जुळवत होते. सासूबाई शेजारी स्टुलावर, नजर चाकावर. मग हळूच म्हणाल्या,

"तुज्या सासऱ्यांना पन असाच दम लागायचा. त्यांची शेवटची बाटली मीच जोरात सोडलेली. एसटी चुकेल म्हणून."

सासऱ्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. दवाखान्यातून आले आणि त्याच रात्री गेले, एवढंच घरात सांगतात. जुळवलेलं सगळं मी तिथेच सोडून दिलं.

"माज्यामुळे गेले काय गं ते?"

"नाय हो आई," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. त्यांनाही ते कळलं असावं. त्या उठल्या, स्टूल चाकापासून लांब ओढलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या.