भिंतीवरच्या वकीलबाई

रायपूर राजधानी झालं आणि शहरात सत्कारांची साथ आली. तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळालाही वाटलं, आपण मागे राहू नये. सत्कारासाठी नाव एकच निघालं: ब्राह्मणपाऱ्यातल्या वकीलबाई. परराज्यातल्या वीटभट्ट्यांवर डांबून ठेवलेल्या मजुरांना त्या सोडवून आणायच्या. त्यापायी धमक्या यायच्या. एकदा कुणीतरी त्यांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडली, तर बाई तिच्यावर पोतं टाकून कोर्टात जात राहिल्या.

"शाल नको," त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. "घरात ढीग पडला आहे. रायपूरच्या उन्हात मी शाली पांघरून बसू का?"

"मग मंडळाच्या भिंतीवर तुमचं चित्र काढू," असं म्हणून अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. कित्येक वर्षांत सुरई आणि केळी यांपलीकडे माझी मजल गेली नव्हती, पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

बाईंना समोर बसायला वेळ नव्हता. "मास्तर, तुम्ही कोर्टात या ना. मी तिथंच राहते दिवसभर."

शाळेला दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मी कागदाचं पॅड घेऊन कोर्टाच्या आवारात बाईंच्या टेबलाशेजारी बसलो. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. मी म्हणालो, "बाबा, मैं मुंशी नहीं हूँ, चित्र बना रहा हूँ."

"हव," तो म्हणाला, "पहले अर्जी लिख दो, फिर बनाना."

मी लिहून दिली. माझं अक्षर चांगलं आहे, ही बातमी आवारात पसरली. आठवड्याअखेर माझ्या हातून डझनभर अर्ज आणि बाईंचा एक कान झाला. बाकीच्या बाई मी घरी आठवून पूर्ण केल्या.

चित्र दहा फूट उंच झालं. काळा कोट, पांढरी साडी, काखेत फायली. बाई बघायला आल्या.

"नाक काहून एवढं मोठं?"

"भिंत मोठी आहे ना."

"मग कान काहून लहान राहिले?"

मी ब्रश धुवायला घेतले.

रंग वाळतो न वाळतो तोच नव्या राज्याची पहिली निवडणूक लागली. येणारे-जाणारे भिंतीपुढे थांबून विचारू लागले, "दीदी किस पार्टी से हैं?" शेजारच्या काकांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की मत नक्की देऊ, पण आधी नालीचं बघा. आणि एका सकाळी निवडणुकीच्या कामावर लावलेला एक बाबू चुन्याची बादली घेऊन हजर झाला. आचारसंहिता लागली आहे, भिंतीवरचा प्रत्येक चेहरा झाकायचा, असा त्याला हुकूम होता.

"या उमेदवार नाहीत," मी म्हणालो.

"तो फिर इतनी बड़ी क्यों हैं?"

अध्यक्ष मध्ये पडले. देवांना सूट आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर बाईंच्या डोक्यामागे पिवळं वलय काढायची सूचना त्यांनी माझ्या कानात केली. तेवढ्यात कुणीतरी बाईंनाच बोलावून आणलं. आम्हाला वाटलं, आता बाबूची खैर नाही. बाईंनी हुकूम नीट वाचला.

"बरोबर आहे त्याचं. मीच कायदा मोडू का? पण भैया, इसमें ढाँकना लिखा है, मिटाना नहीं. चूना नहीं लगेगा. और पहले पंचनामा."

बाबूने आयुष्यात पंचनामा लिहिला नव्हता. तेव्हा बाईंनी सांगितला आणि माझं अक्षर चांगलं असल्यामुळे मी लिहिला: भिंतीवर अंदाजे पन्नास वर्षे वयाच्या एका स्त्रीचे चित्र असून तिचे नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे आहे. खाली पंच म्हणून माझी सही. मग सदर बाजारातून मांजरपाट आणून बाईंना झाकलं. बाबूने जाताना चित्राला नमस्कार केला. सवय म्हणून केला असावा.

मतदानाला अजून अवकाश होता. त्या दिवसांत भट्टीवरून सुटलेल्या मजुरांपैकी एक बाई सुनावणीसाठी गावाहून आली आणि वकीलबाईंना व मला घेऊन चित्र बघायला थेट भिंतीपाशी गेली. तिशीची असेल. कापडाचं टोक उचलून तिने वरपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "वकील दीदी अकेल्ला हे. मोला काबर नई बनाए?"

हिला मी का काढायला हवं होतं, ते न कळून मी वकीलबाईंकडे बघितलं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं ते कोर्टात आठवडाभर बसूनही माझ्या कानावर आलं नव्हतं. भट्टीचं फाटक तोडून पहिली पळाली ती हीच. अनवाणी चालत ठाण्यावर गेली, तिथून हाकलल्यावर दुसऱ्या ठाण्यावर गेली. तिची तक्रार नसती तर बाकीची कुटुंबं आजही आतच असती. "मी नंतर कागद लिहिले," बाई म्हणाल्या. "तुम्ही पण लिहिले ना, मास्तर."

मला फार शरम वाटली.

निवडणूक आटोपली, मांजरपाट उतरलं, आणि मी भिंतीची उरलेली जागा घासायला घेतली. भट्टीवरची ती बाई सुनावणीच्या पुढच्या तारखेला आली तेव्हा समोर बसली, फोटोवाल्यापुढे बसतात तशी श्वास रोखून. श्वास घ्या, असं मला दोनदा सांगावं लागलं. तिची एकच अट होती: पायात चपला पाहिजेत. रंग विचारला तर म्हणाली, निळा.

मी निळ्या चपला काढल्या. त्या तिने वाकून तपासल्या, मग आपला पाय भिंतीला लावून बघितला. चपला बोटभर मोठ्या होत्या.

"थोकिन बड़े हे," ती म्हणाली. "फेर चल जाही."