विश्रांती, आठ तास

मंगळवार, दर पानाला वीस रुपये, हजर तिघे: मी, माझी फाईल आणि उज्जैनच्या कोर्टाबाहेरचा टायपिस्ट. भाड्याचे करार मी वर्षानुवर्षे याच्याकडूनच टाइप करून घेतो. नाव कधी विचारले नाही. टाइप करताना तो प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो, कॉमासकट.

या वेळी अपील होते. बायको गेल्यावर कोर्टाने माझ्या सात वर्षांच्या मुलीचा ताबा तिच्या आजोळी दिला. कारण मीच पुरवले होते, माझ्या दिनचर्येचा तक्ता देऊन. बँक नऊ तास, विश्रांती आठ तास, मुलीसोबत चाळीस मिनिटे. "दोन तास लिहा ना, साहेब," असे वकील म्हणाले होते. पण मी घड्याळ लावून मोजले होते.

तक्ता वाचता वाचता टायपिस्ट थांबला.

"बच्ची सोती कहाँ थी, साहब?"

मी सांगितले, माझ्याजवळ. आई गेल्यापासून माझे बोट धरल्याशिवाय झोपायची नाही. सोडवले की जागी व्हायची, म्हणून मी रात्रभर कूस बदलत नसे.

"तो ये आठ घंटे आराम में क्यों डाले? कमाल के हिसाबी हो, बाबूजी!"

त्याने नवा कागद चढवला आणि बोटाची हकीकत टाइप केली, मोठ्याने, कॉमासकट. मी फाईलमध्ये बघत राहिलो.

पाच पाने झाली. मी शंभर दिले, त्याने वीस परत केले.

"ये पन्ना मेरी तरफ़ से. बिटिया घर आए तो इसकी मिठाई खिला देना."

अपील इंदूरच्या हायकोर्टात दाखल झाले आहे. टायपिस्टला ऐंशी पोचले. मुलीचे वीस माझ्याकडे बाकी आहेत.