वाघमारे सर पीत नव्हते

"पिऊन आलेत, तेवढं लिहून द्या," हेडमास्तर म्हणाले.

त्यांनी वाघमारे सरांना माझ्या टेबलासमोर बसवलं होतं. सरांचे खांदे उडत होते, बोटं आपोआप हलत होती, पाय एका जागी ठरत नव्हता. तेव्हा मी तेलंगणात, इचोड्याकडच्या एका छोट्या दवाखान्यात नवीन डॉक्टर होते. आपल्याला सगळं येतं, अशी माझी ठाम समजूत होती.

तोंडाला दारूचा वास नव्हता. मी जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. ती लगेच आत पळाली. घरात आणखी कुणाला असं होतं का, विचारलं.

"वडलाले होतं," सर अडखळत म्हणाले. "लोक त्यायलेबी बेवडाच म्हनत. थेंब नाई घेतला त्यायनं कदी."

हंटिंग्टन! पुस्तकात अर्धं पान वाचलेला दुर्मिळ आजार माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. हेडमास्तरांना मी मेंदूवर लांबलचक व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पिलेत का नाई?"

"नाही."

"मग तसं लिहा ना."

सरांची नोकरी वाचली. हैदराबादच्या तज्ज्ञांनी रक्त तपासून निदान पक्कं केलं आणि हालचाली कमी करणारं औषध दिलं. आजार मात्र थांबणार नव्हता.

मग त्यांची मुलगी संघमित्रा आली. नार्नूरला शिक्षिका, लग्न ठरलेलं. मी उत्साहाने सुरू झाले. पेशीतल्या एका जनुकात तीन रासायनिक अक्षरं पुन्हापुन्हा येतात. सगळ्याच माणसांत येतात. काहींत ती फारच जास्त वेळा येतात, मग बिघडलेलं प्रथिन बनतं आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. आई किंवा वडलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. ते प्रथिन बनूच नये म्हणून उंदरांवर प्रयोग चालू आहेत, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, तूही लगेच रक्त दे.

"म्याडम, निंगालं तं औषद हाये?"

"आजारावर? अजून नाही."

"मंग तुमाले एवडी घाई काऊन होऊन राह्यली?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायले.

तिने आधी होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला तो सोबत आला. तपासणीबद्दल तो काहीच बोलला नाही. मामांना, म्हणजे सरांना, गिळताना ठसका लागतो, वजन उतरत चाललंय, त्यांना खायला काय घालायचं, एवढंच त्याने विचारलं. अक्षरं आणि उंदीर सांगण्याच्या नादात जेवण माझ्याकडून राहूनच गेलं होतं. मऊ, घट्टसर, तूप घालून, थोडं थोडं, दिवसातून बरेचदा, असं सांगितलं.

लग्न झालं. सर काही वर्षं खुर्चीत बसून शिकवत राहिले, मग घरी. लेक-जावयाने शेवटपर्यंत त्यांना भरवलं. संघमित्राने तपासणी केली नाही. ती अजून शिकवते आणि तब्येत विचारली की माझीच विचारपूस करते.

हल्ली दुर्मिळ आजार दिसला की मी चेहरा कोरा ठेवते. तो आपल्याला दुर्मिळ असतो, घरच्यांना रोजचाच.