घरी टाकलेली प्रेस

धनुष्य हे मानवी धैर्याचं सर्वांत प्राचीन प्रतीक आहे, असं आमच्या तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत प्रमुख पाहुणे म्हणाले होते. मी गाव सोडलं त्या सकाळी हे प्रतीक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या काखेत होतं. राळेगावच्या स्टँडवर कंडक्टरनं लुगडं जरासं उचललं, आत दोन चाकं आणि तारा पाहिल्या आणि म्हणाला, "कूलरचं सामान मागच्या सीटखाली टाक."

सोडायला बापू आणि याडी आले होते. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. याडी रडत होती. बापू ड्रायव्हरला बजावत होते की पोरगा कॅनडात चालला आहे, गाडी जपून चालवा. ड्रायव्हर नागपूरपर्यंतच जाणार होता, तरी त्यानं मान डोलावली.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पुढे ते तांड्यात स्थिरावले आणि कापूस पिकवू लागले. त्यामुळे स्थलांतर आमच्या रक्तातच आहे, असं कॅनडातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला एकदा माइकवरून सांगण्यात आलं. असेलही. फरक इतकाच, की ते लोक निघताना आई-बापाला सोबत घेऊन निघत.

इथं मी ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. गाव लहान आहे, हिवाळा मोठा आहे. पहिल्याच वर्षी माझ्या धनुष्याच्या तारेचे धागे सुटायला लागले. टोकांना चाकं असलेल्या या कंपाउंड धनुष्याची तार हातानं काढता येत नाही. त्याची दोन्ही पाती, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, कायम वाकलेली, ताणातच असतात. भिंतीवर नुसतं टांगलेलं असलं तरी. तार तशीच काढली तर पातं सुटून तोंडावर येतं. त्यासाठी प्रेस लागते. लोखंडी दांड्यावर दोन पंजे असतात, ते पात्यांची टोकं पकडतात. हँडल फिरवलं की टोकं एकमेकांकडे वाकतात आणि तार सैल पडते. मग जुनी काढायची, नवी चढवायची, दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतात का ते बघायचं आणि हँडल सावकाश उलटं फिरवायचं. नुसतं टांगलेलं असतानाही ताणात असणं आणि कुणीतरी दाबून धरल्याशिवाय सैल न होणं, यावर एखादा वक्ता पाऊण तास बोलेल. मी तारेला मेण लावतो.

जवळचं दुकान फार लांब होतं, म्हणून मी प्रेस विकत घेऊन गॅरेजमध्ये बसवली. शेजारच्या बॉबला पत्ता लागला. तो हरणांच्या शिकारीला जातो. त्यानं आपलं धनुष्य आणलं, मग मित्रांना पाठवलं. पानगळीत शिकारीचा सीझन उघडायच्या आधी माझ्या दारासमोर पिकअप ट्रक उभे राहू लागले.

हे मी बापूंना फोनवर सांगितलं. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे तांड्याची बोली, बोलतो. पण फोनवर बापू वऱ्हाडीत बोलायचे, कारण फोन स्पीकरवर असायचा आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या शेजारच्या गावच्या लोकांनाही सगळं कळणं जरुरी होतं.

"बापू, मी घरीच प्रेस टाकली."

"प्रेस?" बापूंचा आवाज बदलला. "सोताची?"

"हो, स्वतःची."

"माल कुठून येते?"

"लोकच गाडीत टाकून आणतात. नंबर लावावा लागतो."

"आन् गाठी किती निघतात दिवसाच्या?"

बाण जिथं अडकवतात तिथं तारेवर दोरीचा एक छोटा फास असतो. तो दोन गाठींवर बसतो आणि त्या गाठी मारणं हेच माझं निम्मं काम. बापूंना हे ठाऊक असल्याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. "सीझनमध्ये दहाबारा होतात," मी म्हणालो. "दसऱ्याच्या सुमारास जास्त."

"लहान हाय मंग," बापू म्हणाले. "चालते. सुरुवात लहानच असते."

माझ्या गावाकडच्यांना यातली चूक केव्हाच कळली असेल. बाहेर पडलेल्यांसाठी सांगतो, कारण आपण लवकर विसरतो. राळेगावात प्रेस म्हणजे एकच: जिनिंगमध्ये सरकी काढून निघालेली रुई दाबून तिच्या गाठी बांधणारा कारखाना. कापसाच्या गाड्या तिच्या फाटकाबाहेर नंबर लावून उभ्या असतात. प्रेस ज्याची, त्याला गणेशोत्सवात पहिली खुर्ची मिळते आणि भाषण केलं नाही तरी हार मिळतो. मी धनुष्याचं नाव काढलं नव्हतं, कारण प्रेस म्हटल्यावर धनुष्याचीच, हे मला उघड वाटलं होतं. माणूस असा बिघडतो.

मला कळलं ते धाकट्या भावामुळे. अनिल शेती बघतो. त्याचा फोन आला, "दादा, माया मुकुटबनचा साळा रिकामा हिंडून राह्यला. तुया प्रेसवर लावून दे ना त्याले."

"कशावर?"

"कशावर काय, प्रेसवर! बापूचा तं सत्कार झाला. फोटो पाठवला नाही काय तुले?"

फोन चालू असतानाच फोटो आला. शाल, श्रीफळ, सरपंच आणि मागे फ्लेक्सवर मी, नावाआधी 'उद्योजक' लावलेला. त्या फोटोतला माझा कोट माझा नव्हता. मी बराच वेळ हसलो, मग अनिलला माझी प्रेस कसली ते सांगितलं आणि म्हणालो, बापूंनाही खरं सांगून टाकतो. तेवढ्यात याडीनं अनिलच्या हातून फोन घेतला.

"सांगू नको," ती म्हणाली. "सडकेजवळची पट्टी त्यायनं पेरली नाही. तू प्रेस इथं आणशीन म्हणून ठेवली. म्हणतात, कापूस तं इथं हाय, पोरगा तिथं कायले बसन?"

माझं हसणं तिथं थांबलं. बापूंना प्रेस नको होती, मी हवा होतो. प्रेस हे मी परत येण्याचं पहिलंच पटण्यासारखं कारण त्यांना सापडलं होतं.

तरी मी सांगितलं. लपवत राहिलो असतो तर पट्टी वर्षानुवर्षं पडीक राहिली असती, असा माझा हिशेब होता. एका रविवारी व्हिडिओ कॉल लावून गॅरेजमध्ये गेलो. बॉबचं धनुष्य प्रेसमध्ये चढवलं, हँडल फिरवलं, तार सैल पडलेली दाखवली. बापू चष्मा लावून बघत राहिले. मागे टपरीवर गलका चालला होता, त्यात आमचं बोलणं कुणाला ऐकू जात नसावं.

"हे तं ढिलं करते," शेवटी ते म्हणाले. "प्रेस आवळते, बेटा."

"ही वेगळी प्रेस आहे, बापू."

"म्हंजे येत नाहीस तू."

"तसं नाही बापू..."

"मंग कसं हाय?"

 टपरीवरचा आवाज हळूहळू मागे पडला. ते उठून बाजूला गेले असावेत. मग त्यांनी स्पीकर बंद केला आणि गोरबोलीत विचारलं, बाटी खाल्ली का. आमच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. मी हो म्हणालो. इथं मी ब्रेड खातो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर प्रेसचा विषय त्यांनी काढला नाही. मागच्या उन्हाळ्यात बापू गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओट्यावर बसायला येणारी माणसं मला जरा अदबीनंच जागा देत होती. एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "बापूले तुयी प्रेस पाह्यले भेटली नाही, हेच वाईट झालं."

मी अनिलकडे पाहिलं. माणसं गेल्यावर तो म्हणाला, "बापूनं कोणालेच सांगतलं नाही."

"काहून?" माझ्या तोंडून किती तरी वर्षांनी 'का'ऐवजी 'काहून' निघालं.

"म्हणे, प्रेस नसन तं नसन. पोरगा तं येईन."

आम्ही सडकेजवळ जाऊन उभे राहिलो. सगळं शेत नांगरून तयार होतं, तेवढी पट्टी सोडून. तिथं गवत होतं, एक बोरीचं झुडूप होतं. अनिल पायानं ढेकूळ फोडत म्हणाला, "आता पेरू काय दादा? सोयाबीन होते इथं बरं."

अगदी साधा प्रश्न होता. 'पेर' एवढा एक शब्द पुरला असता आणि त्याचा अर्थ काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

 यंदाही पेरणीच्या आधी त्यानं फोनवर विचारलं आणि यंदाही मी तेच सांगितलं. मी परत जाणार आहे असं नाही. इथं कर्जावर घर आहे, मुलीची शाळा आहे, वऱ्हाडी ऐकून तिला हसू येतं. पण घर कुठं असं कुणी विचारलं, की मला ना तांडा आठवतो, ना हे गॅरेज. आठवते ती पट्टी. जगाच्या पाठीवर माझी वाट पाहणारी तेवढीच जागा उरली आहे.

सडकेला लागून आणि मोकळी असल्यामुळे एसटीची वाट पाहणारे लोक तिथं लघवीला जातात.